यूएफडब्ल्यू सोडून फायरवॉलडी: लांबच्या लिनक्स मशीनवर फायरवॉल बदलताना

माणूस ठाण्या-डोंबिवलीत आणि मशीन मालवण, गुहागर नाहीतर श्रीवर्धनच्या घरात, ही मांडणी कोकणात आता नवी राहिलेली नाही. होमस्टेचं बुकिंग, आंब्याच्या पेट्यांचा हिशेब, प्रिंटर, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग असं सगळं एका उबुंटू किंवा डेबियनच्या डब्यावर चाललेलं असतं आणि त्याची देखभाल लांबून, एसएसएचने (लांबच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करण्याच्या सोयीने) होते. अशा मशीनवर फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरच्या जोडण्या अडवणारं-सोडणारं साधन, बदलणं, इथे यूएफडब्ल्यूच्या जागी फायरवॉलडी आणणं, हे तासाभराचं काम आहे. पण मध्येच एसएसएच तुटलं, तर त्या मशीनचा कीबोर्ड हाताला लागायला गणपतीची सुट्टी उजाडते. म्हणून इथे नवे नियम लिहिण्याइतकाच भर परतीच्या वाटेवर दिला आहे.

कमांड वाचण्याची पद्धत आधी सांगतो. खाली त्या उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या. यूएफडब्ल्यू, एसएस, सीएमडी यांसारख्या ठिकाणी एकेक अक्षर टाइप करायचं. जिथे दोन आडव्या रेघा आहेत तिथे वजाचं चिन्ह दोनदा.

बदलायचं कशासाठी?

मशीन एकच, नियम तीन-चार आणि नेटवर्क कधी बदलत नाही, असं असेल तर यूएफडब्ल्यूवरच राहा. ते साधं आहे. नियम कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) भरून ते मोकळं होतं, मेमरीत बसून राहत नाही. फायरवॉलडी ही कायम चालणारी पायथॉनची सेवा आहे. अर्धा जीबी मेमरीच्या छोट्या बोर्डावर तिचा भार जाणवतो.

फायरवॉलडीचा फायदा दिसतो तो झोनमुळे. यूएफडब्ल्यूमध्ये विचार पोर्टपासून (एकेका सेवेच्या दाराच्या आकड्यापासून) सुरू होतो: २२२२ उघड, ४४५ उघड. फायरवॉलडीत आधी ठरतं की समोरचा कुठून आला, आणि मग त्याला काय दिसावं ते. ऑफिसचा लॅपटॉप, पाहुण्यांचे फोन आणि वायरगार्डमधून (लांबून जोडणाऱ्या बंदिस्त बोगद्यातून, म्हणजे व्हीपीएनमधून) येणारे तुम्ही स्वतः, या तिघांना तीन वेगळ्या वागणुकी द्यायच्या असतील तर यूएफडब्ल्यूची यादी लांबत जाते आणि सहा महिन्यांनी वाचणाऱ्याला तिचा अर्थ लागत नाही. आज घरचा वायफाय, उद्या लॉजचा, परवा एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलातला, असा फिरणारा लॅपटॉप असेल तर झोन हे बदलायला पुरेसं कारण आहे, कारण नेटवर्कमॅनेजर (जोडण्या सांभाळणारी सेवा) प्रत्येक वायफायच्या नावासोबत झोन लक्षात ठेवतो.

दोन्ही साधनं खाली एकाच ठिकाणी बोलतात: कर्नलमधल्या नेटफिल्टरशी, म्हणजे पॅकेटं तपासणाऱ्या भागाशी. त्याला नियम देण्याची जुनी पद्धत आयपीटेबल्स, नवी एनएफटेबल्स. एनएफटेबल्स कर्नलमध्ये २०१४ साली, ३.१३ आवृत्तीत आलं आणि फायरवॉलडीने २०१८च्या ०.६.० आवृत्तीपासून तेच मूळ माध्यम केलं. यूएफडब्ल्यू मात्र अजून आयपीटेबल्सच्या कमांडमधून नियम भरतं. त्यामुळे दोघांचे नियम वेगवेगळ्या टेबलांत बसतात आणि एकमेकांना पुसत नाहीत. ऐकायला हे सोयीचं वाटतं, पण बदलातला सगळ्यात मोठा घोळ इथूनच सुरू होतो.

दोन्ही एकदम चालू राहिली तर

एनएफटेबल्समध्ये एकाच टप्प्यावर दोन टेबलांच्या चेन (नियमांच्या साखळ्या) असतील तर पॅकेट दोन्हींतून जातं. एकीने ॲक्सेप्ट म्हटलं तरी दुसरीची तपासणी चुकत नाही. ड्रॉप म्हटलं की तिथेच संपलं. म्हणजे पोर्ट उघडं ठरायला ते दोन्हीकडे उघडं हवं. फायरवॉलडीत पोर्ट उघडलंय, यादीत दिसतंय, तरी बाहेरून लागत नाही, अशी तक्रार असेल तर दहापैकी बहुतेक वेळा यूएफडब्ल्यू मागे जिवंत असतं. तेव्हा एका वेळी एकच. आणि तरीही, नवा पूल एसटीच्या वजनाने तपासून होईपर्यंत खाडीवरचा जुना पूल पाडायचा नसतो; यूएफडब्ल्यू थांबवायचं, काढायचं नाही.

आधी जुनी यादी

सुडो यूएफडब्ल्यू स्टेटस व्हर्बोज
सुडो यूएफडब्ल्यू शो ॲडेड

पहिली कमांड मूळ धोरण दाखवते, म्हणजे आत येणारं, बाहेर जाणारं आणि पुढे पाठवलं जाणारं. दुसरी तुम्ही वेळोवेळी दिलेले नियम कमांडच्या रूपात परत देते; भाषांतरासाठी ही जास्त उपयोगी. पण दोन्हींत एक गोष्ट दिसत नाही. कोणी कधी हाताने /ईटीसी/यूएफडब्ल्यू/बिफोर.रूल्स या फाइलमध्ये नॅटच्या (पत्ते बदलून वाहतूक पुढे पाठवण्याच्या) ओळी घातल्या असतील तर त्या फाइल उघडूनच पाहाव्या लागतात. सोबत /ईटीसी/डिफॉल्ट/यूएफडब्ल्यू मधलं फॉरवर्ड धोरणही बघा. हे सगळं एका गाठोड्यात बांधून ठेवा:

सुडो टार -सीझेडएफ /रूट/जुने-नियम.टार.जीझेड /ईटीसी/यूएफडब्ल्यू /ईटीसी/डिफॉल्ट/यूएफडब्ल्यू

आता मशीनवर खरोखर काय ऐकतंय ते पाहा:

सुडो एसएस -टीयूएलएनपी

यादी आणि वास्तव यांत फरक निघतोच. समजा एका होमस्टेच्या ऑफिसातल्या मशीनवर हे नियम सापडले: २२२२/टीसीपी सगळ्यांसाठी लिमिटसह, ते एसएसएच. १३९ आणि ४४५ हे साम्बासाठी (नेटवर्कवर फोल्डर वाटणाऱ्या सेवेसाठी), १९२.१६८.१.०/२४ ला उघडे. ६३१ प्रिंटरसाठी, तसाच. आणि ८०८० सगळ्यांना उघडा. एसएसच्या यादीत ८०८० वर काहीच ऐकत नाही. कधीतरी बुकिंगचं पान चाचणीला चालवलं होतं, पान गेलं, भोक राहिलं. असले नियम नव्या घरात नेऊ नका.

साम्बाचा नियम त्याहून जास्त बोलका आहे. १९२.१६८.१.०/२४ म्हणजे ‘आपलं घर’ असं गृहीत धरलं होतं. पण पाहुणेही त्याच राउटरच्या वायफायवर असतील तर त्यांच्या फोनलाही पत्ता याच रांगेतला मिळतो आणि हिशेबाचं फोल्डर पासवर्डच्या भरवशावर त्यांच्यासमोर उघडं राहतं. झोन बदलून हे आपोआप सुटत नाही, कारण सगळे एकाच तारेतून येतात. इथे झोन इंटरफेसवरून न ठरवता पत्त्यावरून ठरवावा लागेल. राउटरच्या डीएचसीपीच्या (पत्ते वाटणाऱ्या सेवेच्या) पानावर ऑफिसच्या दोन मशीनना ठरलेले पत्ते राखून ठेवा, समजा १९२.१६८.१.१० आणि १९२.१६८.१.११. पत्ता मुद्दाम चोरता येतो हे खरं. राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क निघत असेल तर ते आधी करा, त्याला तोड नाही.

नियमांचं भाषांतर कुठे अडतं

ओळीला ओळ अशी बदली होत नाही, आणि चुका ठरावीक जागी होतात.

यूएफडब्ल्यूमध्ये नुसता ‘अलाउ ५३’ लिहिलं की टीसीपी आणि यूडीपी दोन्ही उघडतात. फायरवॉलडीत प्रोटोकॉल लिहावाच लागतो, म्हणून तिथे दोन नोंदी होतात. पोर्टांची रांग यूएफडब्ल्यू विसर्गासारख्या दोन टिंबांनी लिहितं, ६०००:६००७. फायरवॉलडी मधल्या रेघेने, ६०००-६००७.

यूएफडब्ल्यूत क्रम महत्त्वाचा, वरचा नियम जिंकतो. फायरवॉलडीत तुम्ही कोणत्या क्रमाने टाइप केलं याला अर्थ नाही. रिच रूलमध्ये (अटींसह सविस्तर लिहिलेल्या नियमात) प्राधान्याचा आकडा दिला नसेल तर नकाराचे नियम परवानगीच्या नियमांआधी तपासले जातात. ‘या एका पत्त्याला परवानगी, बाकी रांगेला नकार’ असा यूएफडब्ल्यूतला जोडनियम तसाच उतरवला तर तो एकटा पत्ताही अडतो. अशा वेळी झोनच वेगळा करा, किंवा प्रायॉरिटी द्या.

सगळ्यात फसवा शब्द लिमिट. यूएफडब्ल्यूचं लिमिट प्रत्येक पत्त्याचा वेगळा हिशेब ठेवतं: एकाच पत्त्यावरून ३० सेकंदांत ६ किंवा जास्त जोडण्या झाल्या की त्याला अडवतं. फायरवॉलडीच्या रिच रूलमधलं लिमिट सगळ्यांचं मिळून असतं. मिनिटाला तीन जोडण्या अशी मर्यादा एसएसएचवर घातली आणि बाहेरचा एखादा बॉट दार ठोठावत बसला, तर ती तीन त्याच्यातच संपतात आणि खुद्द मालक बाहेर राहतो. त्याऐवजी एसएसएचमध्ये पासवर्ड बंद करून फक्त चावी ठेवा, आणि रोखणारं काही हवंच असेल तर फेल२बॅन (लॉग वाचून त्रास देणारे पत्ते अडवणारं साधन) लावा. त्याच्या सेटिंगमध्ये बॅनॲक्शनला फायरवॉलसीएमडी-रिच-रूल्स द्या. डेबियन १२ वर लॉग फक्त जर्नलमध्ये असेल तर फेल२बॅनचं बॅकएंडही सिस्टमडी करावं लागतं, नाहीतर सेवा सुरूच होत नाही.

बाहेर जाणारी वाहतूक यूएफडब्ल्यूत ‘डिफॉल्ट डिनाय आउटगोइंग’ करून अडवली असेल तर थांबा. फायरवॉलडीचे झोन फक्त आत येणाऱ्याचं बघतात. बाहेर जाणाऱ्यासाठी पॉलिसी नावाची वेगळी वस्तू आहे, ती ०.९.० आवृत्तीपासून मिळते. तिचं काम स्वतंत्र बसून, मशीनसमोर असताना करा. नॅटच्या ओळींच्या जागी झोनवर मास्करेड (फायरवॉलडीतली नॅटची तयार सोय) लावलं की बहुतेकांचं भागतं.

बसवायचं, पण चालू करायचं नाही

डेबियन आणि उबुंटूवर पॅकेज बसलं की सेवा लगेच सुरू होते. फायरवॉलडीचा मूळ झोन पब्लिक, आणि त्यात एसएसएच आणि डीएचसीपीव्ही६-क्लायंट एवढंच उघडं असतं. इथलं एसएसएच म्हणजे पोर्ट २२. तुमचं २२२२ वर असेल तर पॅकेज बसवल्याक्षणी दार बंद. म्हणून आधी सेवेला कुलूप घाला, मग बसवा:

सुडो सिस्टमसीटीएल मास्क फायरवॉलडी
सुडो एपीटी इन्स्टॉल फायरवॉलडी

मास्क करताना ‘अशी सेवा नाही’ असा इशारा येईल. येऊ दे, कुलूप तरीही लागतं.

सेवा बंद असतानाच नियम भरायला फायरवॉल-ऑफलाइन-सीएमडी नावाची वेगळी कमांड आहे. ती थेट /ईटीसी/फायरवॉलडी मधल्या फाइलींत लिहिते, त्यामुळे --परमनंट लागत नाही. आपल्या उदाहरणासाठी:

सुडो फायरवॉल-ऑफलाइन-सीएमडी --झोन=होम --ॲड-सोर्स=१९२.१६८.१.१०
सुडो फायरवॉल-ऑफलाइन-सीएमडी --झोन=होम --ॲड-सोर्स=१९२.१६८.१.११
सुडो फायरवॉल-ऑफलाइन-सीएमडी --झोन=होम --ॲड-सर्व्हिस=साम्बा
सुडो फायरवॉल-ऑफलाइन-सीएमडी --झोन=होम --ॲड-सर्व्हिस=आयपीपी
सुडो फायरवॉल-ऑफलाइन-सीएमडी --झोन=होम --ॲड-पोर्ट=२२२२/टीसीपी
सुडो फायरवॉल-ऑफलाइन-सीएमडी --झोन=इंटर्नल --ॲड-इंटरफेस=डब्ल्यूजी०
सुडो फायरवॉल-ऑफलाइन-सीएमडी --झोन=इंटर्नल --ॲड-पोर्ट=२२२२/टीसीपी
सुडो फायरवॉल-ऑफलाइन-सीएमडी --झोन=पब्लिक --ॲड-पोर्ट=२२२२/टीसीपी

साम्बा आणि साम्बा-क्लायंट यांत गल्लत करू नका. होम झोनमध्ये साम्बा-क्लायंट आधीपासून असतं, पण ते दुसऱ्याचं फोल्डर शोधण्यासाठी; आपलं फोल्डर इतरांना द्यायला साम्बा हवं.

डब्ल्यूजी० हा वायरगार्डचा इंटरफेस. गावातला बराचसा ब्रॉडबँड सीजीनॅटच्या मागे असतो, म्हणजे आयपीव्ही४चा सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला, त्यामुळे बाहेरून थेट शिरता येत नाही आणि वायरगार्ड घरातूनच बाहेरच्या सर्व्हरला जोडून ठेवावा लागतो. अशा वेळी मशीनवर ५१८२० उघडायची गरज नाही; जोडणी आतून निघालेली असते. पर्सिस्टंटकीपअलाइव्ह २५ सेकंद ठेवला की ती टिकते.

शेवटच्या ओळीत २२२२ सगळ्यांना उघडं ठेवलंय, ते तात्पुरतं. बदलाच्या दिवशी दार रुंद असावं. अरुंद नंतर करू. आता तपासणी:

सुडो फायरवॉल-ऑफलाइन-सीएमडी --चेक-कॉन्फिग
सुडो फायरवॉल-ऑफलाइन-सीएमडी --झोन=होम --लिस्ट-ऑल

नेटवर्कमॅनेजर असलेल्या लॅपटॉपवर इंटरफेसचा झोन तोच ठरवतो, त्यामुळे तिथे वरची ॲड-इंटरफेसची ओळ घालण्यात अर्थ नाही. त्याऐवजी प्रत्येक वायफायला झोन द्या, अवतरणात त्या जोडणीचं नाव:

एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय "घरचा वायफाय" कनेक्शन.झोन होम

ज्याला झोन दिला नाही तो मूळ झोनमध्ये, म्हणजे पब्लिकमध्ये पडतो. अनोळखी वायफायसाठी हेच बरोबर आहे.

परतीची वाट

आता हुशारी एवढीच: मशीन कोणत्याही कारणाने पुन्हा चालू झालं, तर जुनी फायरवॉल आपोआप यावी. त्यासाठी यूएफडब्ल्यू ‘डिसेबल’ करायचं नाही, कारण ते पुढच्या वेळीही बंदच राहतं. सिस्टमसीटीएलने फक्त थांबवायचं. आणि फायरवॉलडी सुरू करायचं, पण ‘इनेबल’ करायचं नाही. पावसाळ्यात भर कामात लाइट गेली आणि इन्व्हर्टरने दगा दिला तरी मशीन जुन्या नियमांसह उठतं.

सुडो सिस्टमसीटीएल अनमास्क फायरवॉलडी
सुडो सिस्टमसीटीएल डिसेबल फायरवॉलडी
सुडो शटडाउन -आर +२०

तिसऱ्या ओळीने वीस मिनिटांनी मशीन रीस्टार्ट होईल. तुम्ही बाहेर अडकलात तर काही न करता वीस मिनिटं थांबायचं. यात एक खोच आहे. ठरलेल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी सिस्टम साध्या वापरकर्त्यांना नव्याने लॉगिन करू देत नाही. त्या पाच मिनिटांत नवं एसएसएच करून पाहिलं तर ते नाकारलं जातं आणि खापर फायरवॉलवर फुटतं. म्हणून मुदत वीसची, चाचणी पहिल्या पंधरात. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर हा मार्ग नाही, मशीन सुरू होताना पासवर्ड मागत अंधारात बसेल. तिथे टायमर लावा:

सुडो सिस्टमडी-रन --युनिट=परती --ऑन-ॲक्टिव्ह=२०मिन /बिन/एसएच -सी "सिस्टमसीटीएल स्टॉप फायरवॉलडी; सिस्टमसीटीएल स्टार्ट यूएफडब्ल्यू"

यातला ‘परती’ हा शब्दही इंग्रजी अक्षरांतच टाइप करायचा. सगळं ठीक झालं की ‘सुडो सिस्टमसीटीएल स्टॉप परती.टायमर’ देऊन तो थांबवायचा.

अदलाबदल

दोन्ही पावलं एका ओळीत द्या, म्हणजे मधला उघडा काळ क्षणभराचाच राहतो:

सुडो एसएच -सी "सिस्टमसीटीएल स्टॉप यूएफडब्ल्यू; सिस्टमसीटीएल स्टार्ट फायरवॉलडी"

चालू असलेलं एसएसएच बहुधा तुटणार नाही, आणि त्यावरून खूश होऊ नका. आधी जुळलेल्या जोडण्या दोन्ही फायरवॉल सोडून देतात. त्या टिकल्या म्हणजे नवी जोडणी होईल असं नाही. हे टर्मिनल तसंच ठेवून दुसरं उघडा आणि नव्याने लॉगिन करा. मग:

सुडो फायरवॉल-सीएमडी --स्टेट
सुडो फायरवॉल-सीएमडी --गेट-ॲक्टिव्ह-झोन्स
सुडो एनएफटी लिस्ट टेबल आयनेट फायरवॉलडी

दुसऱ्या कमांडच्या उत्तरात डब्ल्यूजी० इंटर्नलखाली आणि ऑफिसचे दोन पत्ते होमखाली दिसले पाहिजेत. एकाच वेळी पत्त्याचा झोन आणि इंटरफेसचा झोन लागू होत असतील तर पत्त्याचा जिंकतो. आपली मांडणी त्यावरच उभी आहे. तिसरी कमांड महत्त्वाची, कारण पहिल्या दोन फायरवॉलडीच्या डोक्यातलं सांगतात, तिसरी कर्नलमधलं. कोणी मध्येच एनएफटेबल्सची सेवा सुरू केली तर तिच्या फाइलची सुरुवात सगळे नियम पुसण्यानेच होते. तेव्हा फायरवॉलडीचे नियमही जाऊ शकतात, आणि ते ‘रनिंग’ म्हणत, यादी दाखवत राहिलं तरी प्रत्यक्षात मशीन उघडं असू शकतं. तसं झालं तर --रीलोड दिल्याने नियम परत भरतात. पण एनएफटेबल्सची ती सेवा बंद केल्याशिवाय दुखणं जात नाही.

बाहेरून तपासताना दुसरं मशीन घ्या. त्याच मशीनवरून स्वतःला एनमॅप (पोर्ट तपासणारं साधन) मारण्यात अर्थ नाही, लूपबॅक (मशीनची स्वतःशीच होणारी जोडणी) नेहमीच उघडा असतो. एकदा ऑफिसच्या लॅपटॉपवरून आणि एकदा पाहुण्यांच्या वायफायवरच्या फोनवरून पाहा (१९२.१६८.१.५ हा आपल्या मशीनचा पत्ता धरलाय; -पीएन मधला पी तेवढा मोठ्या अक्षरात टाइप करायचा):

एनमॅप -पीएन -पी २२२२,१३९,४४५,६३१,८०८० १९२.१६८.१.५

जोडणी आपटल्यावर येणारा निरोप कारण सांगतो. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर फायरवॉलने सोडलंय, आत ऐकणारं कोणी नाही: सेवाच बंद आहे. ‘नो रूट टू होस्ट’ आलं तर बहुतेक वेळा फायरवॉलडीने नाकारलंय. यूएफडब्ल्यूची सवय असलेल्यांना हा निरोप केबल निघाल्यासारखा वाटतो, कारण यूएफडब्ल्यू मुकाट गिळतं आणि समोरचा ‘टाइम आउट’ होईपर्यंत ताटकळतो. फायरवॉलडीचा मूळ स्वभाव ‘नाही’ म्हणून सांगण्याचा आहे. नुसता टाइम आउट येत असेल तर यूएफडब्ल्यू मागे उरलंय का, वायरगार्ड तुटलाय का, ते आधी पाहा.

लपून राहायच्या हौसेने पब्लिक झोनचं टार्गेट ड्रॉप करू नका. आपले पत्त्याचे नियम आयपीव्ही४चे आहेत. ऑफिसचा लॅपटॉप साम्बाला आधी आयपीव्ही६ वरून गाठायला गेला तर तो पब्लिक झोनमध्ये पडतो. नकार लगेच मिळाला तर तो झटकन आयपीव्ही४कडे वळतो. ड्रॉप असेल तर फोल्डर उघडायला दरवेळी काही सेकंद खोळंबा. आणि आयपीव्ही६ची चाचणी वगळू नका. मोबाइल डेटावरच्या राउटरमध्ये आयपीव्ही४ सीजीनॅटमागे झाकलेला असला तरी आयपीव्ही६चा पत्ता प्रत्येक मशीनला स्वतंत्र, बाहेरून ओळखता येईल असा मिळू शकतो. पब्लिक झोनमधलं डीएचसीपीव्ही६-क्लायंट मात्र काढू नका.

कायम करणं

चाचणी पार पडली की लगेच रीस्टार्ट रद्द करा, हे विसरलं तर मशीन खरंच बंद होऊन उठेल:

सुडो शटडाउन -सी
सुडो यूएफडब्ल्यू डिसेबल
सुडो सिस्टमसीटीएल डिसेबल यूएफडब्ल्यू
सुडो सिस्टमसीटीएल इनेबल फायरवॉलडी

आयपीटेबल्सच्या यादीत यूएफडब्ल्यू नावाच्या काही रिकाम्या चेन उरलेल्या दिसतील. इनपुटचं धोरण ॲक्सेप्ट असेल तर त्या निरुपद्रवी आहेत, पुढच्या रीस्टार्टला जातात.

मग रुंद ठेवलेलं दार अरुंद करा. इथे --परमनंट मुद्दाम वगळायचं, म्हणजे चुकलं तरी रीस्टार्टला जुनी स्थिती परत येते:

सुडो फायरवॉल-सीएमडी --झोन=पब्लिक --रिमूव्ह-पोर्ट=२२२२/टीसीपी
सुडो फायरवॉल-सीएमडी --झोन=पब्लिक --रिमूव्ह-सर्व्हिस=एसएसएच

वायरगार्डमधून पुन्हा नवं लॉगिन करून पाहिलं आणि ते झालं, तर त्याच दोन ओळी --परमनंट लावून पुन्हा द्या. --रनटाइम-टू-परमनंट नावाचा आडमार्ग आहे, पण तो त्या क्षणी चालू असलेलं सगळंच कोरून ठेवतो: फेल२बॅनने तासाभरासाठी अडवलेले पत्ते, डॉकरने जोडलेले इंटरफेस, सगळं. फेल२बॅन असलेल्या मशीनवर तो वापरू नये.

रनटाइम आणि परमनंट हा भेद यूएफडब्ल्यूत नव्हता, म्हणून पहिले काही महिने तो चावतो. पोर्ट उघडलं, काम झालं, --परमनंट राहून गेलं. जूनमध्ये पहिल्या वादळी पावसात लाइट जाते, मशीन उठतं आणि प्रिंटर गायब. तात्पुरतंच उघडायचं असेल तर मुदत लावायची सवय चांगली: --ॲड-पोर्ट=८०८०/टीसीपी --टाइमआउट=३०एम. आपोआप बंद होतं, मागे भोक राहत नाही.

अडवलेल्यांची नोंद पाहायला:

सुडो फायरवॉल-सीएमडी --सेट-लॉग-डिनाइड=युनिकास्ट
सुडो जर्नलसीटीएल -के -एफ

पहिली कमांड फायरवॉल रीलोड करते, त्यामुळे परमनंट न केलेले बदल त्या झटक्यात जातात. नोंदीत झोनचं नाव येतं, त्यावरून पॅकेट भलत्या झोनमध्ये पडतंय का ते कळतं. निम्म्या तक्रारी इथेच सुटतात. काम झालं की ऑफ करा, नाहीतर पाहुण्यांच्या फोनांच्या नोंदींनीच जर्नल भरतं.

मशीनवर डॉकर (सेवा वेगवेगळ्या कंटेनरांत चालवणारं साधन) असेल तर फायरवॉलडी सुरू झाल्यावर डॉकरची सेवा एकदा रीस्टार्ट करा. आणि साधन बदललं म्हणून डॉकरने बाहेर काढलेली पोर्ट झाकली जातील या समजात राहू नका. यूएफडब्ल्यूला ती चुकवून जात होती तशी फायरवॉलडीच्या झोनलाही चुकवतात. कंटेनर सुरू करतानाच पोर्ट १२७.०.०.१ ला बांधणं हा सरळ उपाय.

शेवटचा रीस्टार्ट घरी कोणीतरी असताना, दिवसाउजेडी करा, आणि मशीन उठल्यावर नवं लॉगिन, साम्बा, प्रिंटर या क्रमाने बघा. यूएफडब्ल्यूचं पॅकेज काढायची घाई नको. एक पावसाळा नवी फायरवॉल नीट गेली की काढा, आणि काढताना एपीटी सोबत आणखी कोणती पॅकेजं काढतोय ती यादी वाचूनच होकार द्या.